थायरॉइड फार वाढलेला आणि हृदय थकलेलं: कोकणातल्या रुग्णांचे आणि घरच्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न रुग्णांनी आणि त्यांच्या घरच्यांनी ओपीडीत, वॉर्डाबाहेरच्या बाकावर आणि फोनवर विचारलेले आहेत. थायरॉइडमुळे थकलेलं हृदय बऱ्याचदा पुन्हा सावरतं. पण त्यासाठी मुळात थायरॉइड सापडावा लागतो आणि त्याचा उपचार नेटाने पुरा व्हावा लागतो. खाली औषधांची नावं आणि डोस आले आहेत ते समजून घेण्यासाठी. गोळी सुरू करणं, वाढवणं किंवा थांबवणं तुमच्या डॉक्टरांना विचारूनच.

थायरॉइड गळ्यात, मग हृदय का थकतं?

थायरॉइड ग्रंथी टी-फोर आणि टी-थ्री ही संप्रेरकं रक्तात सोडते. ती प्रमाणाबाहेर झाली की आपण "थायरॉइड वाढला" म्हणतो. टी-थ्री थेट हृदयाच्या स्नायूवर काम करतं. ठोके वाढतात, प्रत्येक ठोक्याचा जोर वाढतो. त्याच वेळी अंगभरच्या बारीक रक्तवाहिन्या सैल पडतात, मूत्रपिंडं त्याला रक्त कमी पडल्याची खूण समजतात आणि मीठ-पाणी धरून ठेवू लागतात. रक्त वाढलं, ठोके वाढले, विसावा मात्र नाही. विहिरीवरचा पंप रात्रंदिवस बंदच केला नाही तर तो सुरुवातीला भरपूर पाणी देतो आणि मग एक दिवस तापून बसतो, तसं हे आहे.

म्हणून पहिल्या टप्प्यात हृदय नेहमीपेक्षा जास्त रक्त फेकत असतं, तरीही माणसाला दम लागतो आणि पाय सुजतात. एरवीच्या हार्ट फेल्युअरमध्ये हातपाय बहुधा गार लागतात. इथे तळहात गरम आणि ओलसर असतो. दम लागलेल्या पेशंटचा हात असा लागला की माझं लक्ष आधी गळ्याकडे जातं. हे महिनोन्महिने असंच चाललं, त्यात ठोके अनियमित झाले, की स्नायू खरोखर ढिला पडतो आणि टूडी इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग कमी दिसू लागतं.

हे नातं वैद्यकाला जुनंच माहीत आहे. इंग्लंडमधल्या बाथ शहराचे डॉक्टर केलेब पॅरी यांनी फुगलेली थायरॉइड ग्रंथी आणि धडधडणारं, मोठं झालेलं हृदय एकाच रुग्णात पाहिलं आणि लिहून ठेवलं. त्यांचं ते लिखाण त्यांच्या मृत्यूनंतर १८२५ साली छापलं गेलं. या आजाराला आज ज्यांचं नाव आहे त्या ग्रेव्हज यांनी आपलं वर्णन १८३५ साली दिलं.

डॉक्टर म्हणाले, "हार्ट मोठं झालंय, पंपिंग कमी आहे." हे आता जन्मभराचंच का?

कारण थायरॉइड असेल तर बऱ्याचदा नाही. संप्रेरकं आवाक्यात आली, ठोके ताब्यात आले, की काही आठवड्यांत सूज आणि दम उतरतो. इकोमधलं पंपिंग सुधारायला तीन ते सहा महिने, कधी जास्तही लागतात. ज्यांना आधीपासून हार्ट अटॅकची जखम आहे, झडप खराब आहे किंवा थायरॉइड वर्षानुवर्षं अंगावर काढलाय, त्यांचं हृदय पूर्ण पूर्वीसारखं होईलच असं नाही. तरीही त्यांनाही फायदा होतोच.

म्हणून मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो: हृदय नव्याने कमजोर झालं, पायावर सूज आली किंवा ठोके अनियमित झाले, तर फाइलमध्ये टीएसएचचा (मेंदूकडून थायरॉइडला येणाऱ्या हुकमाचा; थायरॉइड वाढला की हा आकडा पडतो) रिपोर्ट आहे का ते बघा. नसेल तर डॉक्टरांना विचारा. त्यात कमीपणा काही नाही. हार्ट फेल्युअरची जी थोडी कारणं मुळापासून बरी होऊ शकतात त्यांतलं हे एक आहे, आणि ते एका साध्या रक्ततपासणीत कळतं.

ओळखायचं कसं?

मालवणी माणूस "छातीत धडधडता, दम लागता" एवढंच सांगतो. बाकीचं विचारून काढावं लागतं. भूक चांगली असूनही वजन उतरणं, हात थरथरणं, वारंवार शौचाला होणं, झोप न लागणं, चिडचिड, खालून उठताना मांड्यांत ताकद नसणं, बायकांची पाळी कमी होणं, डोळे मोठे किंवा बाहेर आल्यासारखे दिसणं, गळ्याला फुगवटा. हृदयावर ताण आला की चढ चढताना धाप, रात्री आडवं झाल्यावर गुदमरणं, उशा वाढवाव्या लागणं, पावलांवर बोट दाबलं तर खळी राहणं.

किनारपट्टीवर एक अडचण आहे. एप्रिल-मेच्या उकाड्यात सगळेच घामाघूम असतात, सगळ्यांनाच थकवा असतो. त्यामुळे ज्याला घरात सगळ्यांपेक्षा जास्त उकडतं, जो पंख्याखालून हलत नाही, त्याच्याकडे कोणी वेगळं बघत नाही. अशा वेळी एक सोपी गोष्ट करा: माणूस गाढ झोपेत असताना त्याची नाडी मोजा. उन्हाने, चालण्याने, घाबरण्याने वाढलेली नाडी झोपेत खाली येते. थायरॉइडची वाढलेली नाडी झोपेतही ९०-१०० च्या आसपास किंवा वर राहते.

आजीचे हात थरथरत नाहीत, डोळे ठीक, गळाही ठीक. तरी थायरॉइड कसा?

म्हाताऱ्या माणसांत हा आजार गुपचूप येतो. धावपळ, चिडचिड काही नसते. उलट आजी गप्प बसून राहते, जेवण कमी होतं, वजन घटतं आणि एक दिवस ठोके अनियमित होऊन पाय सुजतात. घरचे म्हणतात, वय झालं. सत्तरीपुढच्या माणसाला नव्याने अनियमित ठोके सुरू झाले तर टीएसएच केल्याशिवाय वयाला दोष देऊ नका.

कुठल्या तपासण्या लागतात?

टीएसएच, फ्री टी-फोर आणि टी-थ्री. आजार जोरात असेल तर टीएसएच जवळजवळ शून्यावर आणि बाकी दोन वर. त्याबरोबर ईसीजी, छातीचा एक्सरे, टूडी इको, सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी), लिव्हर आणि किडनीच्या तपासण्या, सोडियम-पोटॅशियम. कारण शोधायला ग्रेव्हजची (शरीराची स्वतःचीच अँटिबॉडी ग्रंथीला डिवचते त्या आजाराची) अँटिबॉडी, गळ्याची सोनोग्राफी किंवा थायरॉइड स्कॅन.

स्कॅन सगळ्यांना लागत नाही, पण कारण कळणं महत्त्वाचं असतं. ग्रेव्हजमध्ये किंवा गाठींच्या थायरॉइडमध्ये ग्रंथी जास्त संप्रेरक *बनवत* असते, तिथे कार्बिमाझोल ही संप्रेरक बनणं थांबवणारी गोळी चालते. ग्रंथीला सूज येऊन साठवलेलं संप्रेरक नुसतं बाहेर *सांडत* असेल तर त्या गोळीचा उपयोग होत नाही.

केस-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी निदान दोन दिवस बंद ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. बायोटिनमुळे नसलेला थायरॉइड रिपोर्टमध्ये दिसू शकतो.

उपचार आधी कशाचा, हृदयाचा की थायरॉइडचा?

दोन्हींचा, एकाच दिवशी. फुप्फुसात पाणी भरलेलं असेल तर ऑक्सिजन आणि लघवीचं इंजेक्शन थांबू शकत नाही. पण नुसतं पाणी काढून घरी पाठवलं आणि थायरॉइड तसाच ठेवला, तर पेशंट पंधरवड्यात परत येतो.

हृदयासाठी फ्युरोसेमाइड किंवा टॉरसेमाइड ही लघवीची गोळी, ठोके आवरणारी औषधं, आणि पंपिंग कमी असेल तर एरवीच्या हार्ट फेल्युअरला देतात तीच औषधं. थायरॉइडसाठी बहुधा कार्बिमाझोल, सुरुवातीला साधारण २० ते ४० मिलिग्रॅम रोज. या गोळीने नवं संप्रेरक बनणं थांबतं, पण रक्तात आधीच फिरत असलेलं टी-फोर लगेच जात नाही. ते निम्मं व्हायलाच सुमारे आठवडा लागतो. म्हणून बरं वाटायला तीन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात "गोळी लागू पडत नाही" म्हणून डॉक्टर बदलणारे खूप आहेत. तेवढा धीर धरा.

टीएसएच तर त्याहून उशिरा हलतं. टी-फोर नॉर्मल झाल्यावरही ते कित्येक आठवडे, कधी महिने शून्याजवळच राहतं. सुरुवातीच्या काळात डोस ठरतो तो दर चार ते सहा आठवड्यांच्या टी-फोर आणि टी-थ्रीवरून.

दम लागत असताना ठोके कमी करणारी गोळी चालते का? शेजाऱ्याकडे प्रोप्रॅनोलॉल आहे.

शेजाऱ्याची घेऊ नका. थायरॉइडच्या धडधडीवर प्रोप्रॅनोलॉल उत्तम औषध आहे. मोठ्या डोसमध्ये ते टी-फोरचं टी-थ्री होणंही काही प्रमाणात अडवतं. पण ज्याचं पंपिंग आधीच खूप खाली गेलंय, ज्याचं प्रेशर पडलंय, त्याचं हृदय त्या वाढलेल्या ठोक्यांवरच कसंबसं तग धरून असतं. अशा माणसाला मोठा डोस एकदम दिला तर तो कोसळू शकतो. म्हणून आम्ही इको बघतो, थोड्या डोसने सुरू करतो, आणि अवस्था नाजूक असेल तर आयसीयूत एस्मोलॉलसारखं काही मिनिटांत उतरणारं इंजेक्शन वापरतो. दमा असलेल्यांनी ते आधीच सांगावं. आणि सुरू झालेली गोळी मनाने एकदम बंद करू नये.

कार्बिमाझोल चालू असताना ताप आला तर?

या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

ही गोळी घेणाऱ्या हजारात दोन ते पाच जणांमध्ये रक्तातल्या पांढऱ्या पेशी अचानक जवळजवळ संपतात. बहुतेकदा हे पहिल्या तीन महिन्यांत होतं, पण नंतरही होऊ शकतं. पहिली खूण म्हणजे ताप, घसा दुखणं, तोंडात फोड. असं झालं तर गोळी त्याच दिवशी थांबवा आणि त्याच दिवशी सीबीसी करा. पेशी ठीक निघाल्या तर डॉक्टर गोळी पुन्हा सुरू करतील. दोन डोस चुकल्याने फारसं बिघडत नाही. पेशी पडलेल्या असतील तर ही गोळी पुन्हा कधीच घ्यायची नाही, आणि रुग्णालयात राहावं लागतं.

आपल्याकडे हे जास्त अवघड का, ते सांगतो. लावणीच्या दिवसांत चिखलात उभं राहिलेल्या माणसाला ताप आला की घरचे म्हणतात पावसाळी ताप, आणि आरोग्यसेवक लेप्टोचा (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या तापाचा) विचार करतो. तो विचार योग्यच आहे. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत लेप्टो आहे, आणि दोडामार्गाच्या बाजूला उन्हाळ्याच्या तोंडावर माकडताप असतो. पण कार्बिमाझोल घेणाऱ्याच्या तापाला हे तिसरं कारणही असतं, आणि ते समोरच्याला माहीत नसतं. तापासाठी कुठेही गेलात, पीएचसीत गेलात किंवा गावातल्या डॉक्टरांकडे गेलात, तरी पहिलं वाक्य हेच बोला: "मी थायरॉइड कमी करायची गोळी घेतो, माझं सीबीसी करा." गोळीची स्ट्रिप बरोबर न्या.

तापावर पॅरासिटामॉल घ्या, अ‍ॅस्पिरिन नको. अ‍ॅस्पिरिनमुळे रक्तात बांधलेलं संप्रेरक मोकळं होतं. हृदयासाठी छोटी अ‍ॅस्पिरिन आधीपासून चालू असेल तर ती मात्र मनाने थांबवू नका, डॉक्टरांना विचारा.

डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अंगाला खूप खाज आली, तरी त्याच दिवशी दाखवा.

ठोके अनियमित आहेत म्हणून रक्त पातळ करायची गोळी दिलीय. डोस सारखा का बदलतात?

वाढलेल्या थायरॉइडमध्ये रक्त गोठवणारे घटक लवकर संपतात, त्यामुळे वॉरफरिन किंवा अ‍ॅसिट्रॉमचा थोडा डोसही जास्त लागू पडतो. जसजसा थायरॉइड खाली येतो तसतसा तोच डोस अपुरा पडू लागतो. म्हणून या काळात आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारी तपासणी) लवकर लवकर करावा लागतो. लॅब दूर असेल तर हे मोठंच संकट. अशांसाठी अ‍ॅपिक्साबानसारख्या, आयएनआर न लागणाऱ्या गोळ्या सोयीच्या पडतात. झडपेचा आजार किंवा कृत्रिम झडप असेल तर कुठली गोळी चालेल हे डॉक्टरच ठरवतील.

ठोके आवरणाऱ्या डिगॉक्सिनचं नेमकं उलट. थायरॉइड वाढलेला असताना ते कमी लागू पडतं आणि जास्त द्यावं लागतं. थायरॉइड आवाक्यात आला की तोच डोस अंगावर येतो. मळमळ, अन्नावरची वासना जाणं, डोळ्यांपुढे पिवळसर दिसणं, नाडी फार मंद होणं ही त्याची लक्षणं. दोन महिन्यांपूर्वी ठरवलेला डोस आजच्या थायरॉइडला चालेलच असं नाही. कार्बिमाझोल देणारे आणि हृदयाची औषधं देणारे डॉक्टर वेगळे असतील तर प्रत्येक नवा रिपोर्ट दोघांनाही दाखवा.

शॉक देऊन ठोके नियमित करता येत नाहीत का?

येतात, पण थायरॉइड वाढलेला असताना ते टिकत नाहीत. थायरॉइड नॉर्मल झाल्यावर अर्ध्याहून जास्त लोकांचे ठोके आपोआप सरळ होतात. म्हणून प्रकृती स्थिर असेल तर आधी थांबतो.

ठोक्यांसाठी अ‍ॅमिओडॅरोन दिलं होतं, त्यानंतर थायरॉइड वाढला. असं होतं?

होतं. अ‍ॅमिओडॅरोनच्या २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असतं, आणि माणसाची रोजची गरज आहे ०.१५ मिलिग्रॅम. शिवाय हे औषध शरीरात महिनोन्महिने रेंगाळतं, त्यामुळे बंद केल्यावरही थायरॉइड बिघडू शकतो. तरी ते वाईट औषध नव्हे. कित्येकदा त्याला पर्याय नसतो. ते सुरू करण्याआधी आणि नंतर दर सहा महिन्यांनी टीएसएच हवं. सीटी स्कॅन किंवा अँजिओग्राफीच्या इंजेक्शनातही भरपूर आयोडीन असतं, म्हणून तिथेही थायरॉइडचा आजार आधी सांगा.

मासे बंद करायचे का? त्यात आयोडीन असतं म्हणे.

नका करू. ताजा बांगडा, तारली, पापलेट, कोळंबी नेहमीच्या प्रमाणात खाऊन थायरॉइड वाढत नाही. आजाराने मांस झडलेल्या माणसाला हे प्रथिन हवंच आहे. आयोडीनयुक्त मीठही बंद करू नका. समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल, "वजन कमी करण्याच्या" पुड्या मात्र पूर्ण बंद. मासे थांबवायचे ते फक्त रेडिओआयोडीनच्या (ग्रंथी निकामी करणारं औषध, त्याबद्दल खाली आहे) आधी एक-दोन आठवडे, तेही तिथले डॉक्टर सांगतील तसे.

मग पथ्य कशाचं?

मिठाचं. हृदय थकलेलं असताना मीठ पाणी धरून ठेवतं. दिवसभराचं सगळं मिळून चहाच्या एका सपाट चमच्याच्या, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत ठेवायचं. आमटीत मीठ कमी घातलं की पथ्य झालं असं सगळ्यांना वाटतं, पण कोकणी जेवणात मीठ ताटाच्या कडेने येतं. पेजेबरोबरचं लोणचं. खारातली कैरी. सांडगी मिरची, पापड, मिरगुंडं. खारवलेला बांगडा. सुकट आणि सोडे. भिजवून पाणी टाकलं तरी मीठ पूर्ण जात नाही.

आणि आगळ. कोकमाचा आगळ टिकावा म्हणून त्यात मुबलक मीठ असतं, त्यामुळे आगळाची सोलकढी वरून मीठ न घालताही खारट असते. पाय सुजलेल्या एका बाईंच्या घरी सगळं अळणी होतं, पण त्या पचनाला बरी म्हणून दोन्ही वेळा वाटी-वाटी सोलकढी पीत होत्या. सोलकढी हवीच असेल तर आमसुलं धुऊन, भिजवून करा, नारळाच्या दुधात लसूण-मिरची-कोथिंबीर लावा आणि मीठ राहू द्या. भाजी-आमटीला चव आणायला तिरफळ, ओली हळद, लिंबू, भाजलेला कांदा-खोबरं आहेच.

सैंधव घेऊन फायदा नाही, तेही मीठच. बाजारातल्या "लो सोडियम" मिठात पोटॅशियम असतं. स्पायरोनोलॅक्टोन, रॅमिप्रिल, टेल्मिसार्टनसारखी औषधं घेणाऱ्यांना किंवा किडनी कमजोर असणाऱ्यांना ते धोक्याचं ठरू शकतं.

शहाळं?

तेच पोटॅशियमचं गणित. एका मोठ्या शहाळ्यात एका केळ्यापेक्षा जास्त पोटॅशियम असू शकतं. नुसती लघवीची गोळी घेणाऱ्याला ते कदाचित चांगलंच, वर सांगितलेल्या गोळ्या घेणाऱ्याला नाही. आधी पोटॅशियमचा रिपोर्ट, मग शहाळं.

वजन रोज बघायला सांगितलंय. पण वजन वाढणं तर चांगलं ना?

इथे फार जण गोंधळतात, आणि तो गोंधळ साहजिक आहे. हार्ट फेल्युअरमध्ये वजन वाढणं म्हणजे पाणी साठणं. थायरॉइडमध्ये वजन वाढणं म्हणजे औषध लागू पडणं. एकाच माणसाला दोन्ही आजार असतील तर काटा काय सांगतोय?

वाढ किती दिवसांत झाली ते बघा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले, पायाची खळी खोल झाली, रात्री उशी वाढवावी लागली, तर ते पाणी आहे. त्याच दिवशी फोन करा. दीड-दोन महिन्यांत तीन-चार किलो हळूहळू वाढले, पाऊल सडपातळ आहे, दम कमी आहे, ब्लाउजची बाही पुन्हा नीट बसायला लागली, तर ते झडलेलं मांस परत येतंय. आणि उपचाराच्या सुरुवातीला तिसरा प्रकार दिसतो: वजन जागेवरच असतं, पण आत मांस उतरतंय आणि पाणी चढतंय. म्हणून नुसत्या काट्यावर विसंबू नका, पाऊल रोज बोटाने दाबून बघा.

सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाआधी, तोच काटा, साधारण तेच कपडे. बाजूला नाडी आणि सूज लिहा. दिनदर्शिकेवर लिहिलं तरी चालतं. ओपीडीत तो कागद मला कित्येकदा रिपोर्टपेक्षा जास्त सांगून जातो.

मेमध्ये घाम खूप जातो. वजन सारखं घटतंय, उठल्यावर अंधारी येतेय, लघवी कमी झालीय, तर लघवीच्या गोळीचा डोस जास्त होत असेल. तोही फोन करण्याचाच विषय.

ताबडतोब रुग्णालय कधी गाठायचं?

बसल्या जागी दम, ओठ निळसर, गुलाबी फेसाळ खोकला, छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, तोंड किंवा हात-पाय एका बाजूला लुळे पडणं: १०८ ला फोन.

आणि आणखी एक अवस्था, थायरॉइडचं वादळ. जोराचा ताप, नाडी १४० च्या आसपास किंवा वर, उलट्या-जुलाब, कावीळ आणि बडबड, भ्रम किंवा गुंगी. बहुतेकदा काहीतरी निमित्त असतं: जंतुसंसर्ग, ऑपरेशन, बाळंतपण, आणि सगळ्यांत टाळता येण्याजोगं म्हणजे गोळ्या अचानक बंद होणं. उपचार मिळूनही यात दहातला एखादा, काही ठिकाणी त्याहून जास्त रुग्ण दगावतात. आयसीयूत थायरॉइडची गोळी नळीवाटे, तिच्यानंतर किमान तासाने आयोडीनचे थेंब, हायड्रोकॉर्टिसोन, ठोक्यांचं औषध असा क्रम असतो. अंगात आलंय, बाहेरचं झालंय म्हणून एक रात्रही घालवू नका.

आम्ही आडगावात. पावसाळ्यात काय तयारी ठेवावी?

मिरगाच्या आधी किमान महिन्याच्या गोळ्या घरात, हवाबंद डब्यात. दमट हवेत सुटलेल्या गोळ्या नरम पडतात. घाटात दरड आली की कोल्हापूरची वाट बंद होते, तेव्हा आपल्याला आयसीयू कुठलं जवळ हे आधीच विचारून ठेवा. अलिबाग, रत्नागिरी आणि ओरोस इथली जिल्हा रुग्णालयं आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांना जोडलेली आहेत. सावंतवाडी-दोडामार्गाकडचे रुग्ण गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात. शेवटचा ईसीजी, इको आणि थायरॉइडचा रिपोर्ट मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होतानाच विचारा.

गोळ्या किती दिवस? रेडिओआयोडीन की ऑपरेशन?

ग्रेव्हजमध्ये गोळ्यांचा कोर्स १२ ते १८ महिन्यांचा. तो पुरा करूनही साधारण निम्म्या लोकांत आजार उलटतो. ज्याचं हृदय एकदा थकलंय त्याला तो उलटलेला परवडत नाही, म्हणून अशांना मी कायमच्या उपायाकडे झुकायला सांगतो. गाठींच्या थायरॉइडमध्ये तर गोळ्यांनी मूळ जातच नाही.

रेडिओआयोडीन म्हणजे एक कॅप्सूल किंवा घोटभर औषध. ते ग्रंथीतच जाऊन बसतं आणि आतून तिला निकामी करतं. १९४१ पासून हे वापरात आहे. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे. परिणाम दिसायला दीड ते चार महिने लागतात, आणि मध्ये संप्रेरक काही दिवस वाढूही शकतं. त्यामुळे हृदयरोग्याला आधी कार्बिमाझोलने स्थिर करतात, काही दिवस गोळी थांबवून डोस देतात आणि मग गोळी पुन्हा सुरू करतात. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला हे चालत नाही. नंतरही किमान सहा महिने दिवस राहू द्यायचे नाहीत. डोळ्यांचा आजार जोरात असेल, विशेषतः विडी-सिगारेट ओढणाऱ्यात, तर डोळे बिघडू शकतात. घेतल्यावर काही दिवस लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून अंतर ठेवायचं असतं. तेव्हा परतीचा प्रवास कोकण रेल्वेत शेजाऱ्याला चिकटून सात-आठ तासांचा आहे हे तिथे आधीच सांगा.

ऑपरेशन मोठ्या गळगंडाला, संशयित गाठीला उत्तम, पण थायरॉइड आणि हृदय दोन्ही आवरल्यावरच.

दोन्हींनंतर थायरॉइड कमी होतो आणि थायरॉक्सिन जन्मभर घ्यावं लागतं. हृदयरोग्याला ते थोड्या डोसने सुरू करतात. त्या वेळी घरातली कार्बिमाझोलची उरलेली स्ट्रिप काढून टाका. दोन्हींना घरात "थायरॉइडची गोळी"च म्हणतात आणि दोन्ही एकमेकींच्या उलट काम करतात.

सून गरोदर आहे आणि तिला हे निघालंय.

घाबरू नका, पण उशीरही नको. पहिल्या तीन महिन्यांत बहुधा प्रोपिलथायोयुरासिल देतात, कारण कार्बिमाझोलने बाळात व्यंग येण्याचा धोका थोडा वाढतो. धाप आणि सूज गरोदरपणामुळेच असं गृहीत धरू नका, इको करून घ्या. बाळंतपण आयसीयू असलेल्या ठिकाणी व्हावं.

टी-फोर नॉर्मल, फक्त टीएसएच कमी. सोडून द्यायचं?

तिशीतल्या धडधाकट माणसात वाट बघता येते. साठीच्या पुढे नाही. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम अभ्यासात, १९९४ साली, साठीपुढच्या ज्यांचं टीएसएच ०.१ किंवा खाली होतं त्यांच्यात दहा वर्षांत अनियमित ठोक्यांचं प्रमाण इतरांच्या तिप्पट आढळलं. हृदय आधीच कमजोर असेल तर अशा टीएसएचवरही उपचाराचा विचार होतो.

मी मुंबईत, आई-बाबा गावी. फोनवर काय विचारू?

"बरी आहेस ना?" विचारलं तर आई हो म्हणणार. त्याऐवजी हे विचारा: आज काटा किती? काल किती होता? रात्री किती उशा घेतल्यास? चपलेचा पट्टा घट्ट होतोय का? नाडी शेजारच्या मुलीने मोजली का? ताप, घसा? कार्बिमाझोलच्या किती स्ट्रिप उरल्यात, त्या मोजून सांग. दहा दिवसांपेक्षा कमी गोळ्या उरल्या असतील तर त्याच दिवशी गावच्या मेडिकलला फोन करा. त्यांच्याकडे नसेल तर कुरियरने पाठवा किंवा उद्याच्या गाडीने येणाऱ्या कुणाच्या हाती द्या.